वरची खूण, खालची खूण

क्वितवेर, ९ फेब्रुवारी

ओडवार,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे.

आज शाळेतून घरी आले तर पोस्टातून जाडजूड लिफाफा आलेला. वर माझं नाव छापील, खाली कुणा टांगेन नावाच्या सल्लागाराची सही. “आपल्या लगतच्या जमिनीवर श्री. ओडवार यांना उन्हाळी घर बांधायचं आहे. शेजारी या नात्यानं आपली हरकत असल्यास दोन आठवड्यांत कळवावी.” शेजारी! मी तुझी शेजारी? लहानपणी थंडगार पाय माझ्या पोटऱ्यांना लावून झोपायचास तेव्हा मी कोण होते, लगतची जमीन? सख्ख्या बहिणीला घराची बातमी ऑस्लोच्या ऑफिसातून छापील कागदावर द्यायची, याला काय म्हणायचं तूच सांग. फोन करणार होते. पण फोनवर मी ओरडेन आणि तू फोन ठेवशील, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही.

घर बांध बाबा, खुशाल बांध. जमीन तुझ्या वाट्याची, पैसा तुझा. पण नकाशात त्या घराची जागा बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये! अख्ख्या जमिनीत तुला तेवढीच जागा सापडली?

हे पत्र तू टांगेनसाहेबांना दाखवशीलच, तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते. साहेब, आमच्या धक्क्याला यायला वाट एकच. डावीकडे कातळ आणि उजवीकडे पाण्याखाली एक खडक, त्याला आम्ही ‘म्हातारी’ म्हणतो. भरतीला म्हातारीच्या डोक्यावरून बोट आरामात जाते. पण उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, ओहोटी लागली की ती पाण्याच्या वीतभर खाली येऊन बसते आणि फेससुद्धा काढत नाही. म्हणून आमच्या आजोबांनी किनाऱ्यावर दगडांचा एक पांढरा ढीग रचला, ती खालची खूण. मागं टेकाडावर पांढऱ्या फळ्यांचा त्रिकोण उभा केला, ती वरची खूण. समुद्रावरून बघताना त्रिकोण ढिगाच्या बरोबर डोक्यावर दिसला की तुम्ही वाटेच्या मधोमध आहात. त्रिकोण डावीकडे सरकलेला दिसला तर तुम्ही डावीकडे गेलात, उजवीकडे दिसला तर उजवीकडे, म्हातारीच्या मांडीवर. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे मी नववीच्या वर्गाला दर हिवाळ्यात शिकवते. आमच्या बेटावर ते न शिकून चालत नाही.

आता तुमचं गणित बघू. तुम्ही मोठ्या कौतुकानं आकृती जोडलीय की घर झालं तरी त्रिकोण दिसेल. म्हातारीपाशी बोटीत उभ्या माणसाचे डोळे समुद्रापासून दोन मीटर वर. तिथून चारशे मीटरवर त्रिकोणाचं टोक, अठरा मीटर उंच. म्हणजे एक बिंदू (०, २), दुसरा (४००, १८). चढ काढा: अठरा वजा दोन सोळा, भागिले चारशे, ०.०४. समीकरण य = ०.०४ क्ष + २. घर दोनशे मीटरवर, तिथं नजरेची रेषा दहा मीटर उंचीवर. घराचा आढा, म्हणजे छपराचा सगळ्यात उंच कणा, ९.७ मीटर. नजर आढ्याच्या वरून तीस सेंटिमीटर मोकळी गेली, झालं, शिक्का मारा!

अहो, पण समुद्र कुठला धरलात? जमिनीच्या नकाशावरचा शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. सरासरी! तो समुद्र कागदावर असतो. आमचा समुद्र उधाणाच्या ओहोटीला त्या शून्याच्या १.६ मीटर खाली जातो, आणि बोटही त्याच्याबरोबर खाली जाते, ती काही हवेत लटकून राहत नाही. डोळे उरले ०.४ मीटरवर. आता चढ काढा. १७.६ भागिले ४००, ०.०४४. घरापाशी रेषा ९.२ मीटरवर. आढा ९.७. त्रिकोण पुरता छपराच्या आड! भरतीला दिसेल, जेव्हा त्याची गरज नसते. ओहोटीला दिसणार नाही, जेव्हा तोच एक आधार असतो.

आणि ओडवार, तू त्या छपरावर माती घालून गवत लावणार आहेस, असंही नकाशात आहे. जुलैपर्यंत गवत कुठवर येतं ते तुला सांगायला नको. सल्लागारानं गवत मोजलंय का?

त्या वाटेनं रोज कोण ये-जा करतं, माहीत आहे ना? टूवा. तुझी भाची, माझी एकुलती एक मुलगी. आठ मीटरची बोट, कॉड माशांचा हंगाम, आणि बोटीवर ती एकटी. आढा दोन मीटर खाली घे, नाहीतर घर बाजूला सरकव. एवढंच माझं म्हणणं आहे.

ओशिल


२० फेब्रुवारी

ओडवार,

टांगेनसाहेबांचं उत्तर आलं. तुझं नाही, त्यांचं. “सदर समीकरण पुन्हा तपासलं असता अचूक आढळलं.” अचूक! मी कधी म्हटलं की चूक आहे? समीकरण अचूकच आहे, दिलेले बिंदू खोटे आहेत. दुसऱ्याच माणसाचं माप घेऊन शिवलेला कोट कितीही सरळ शिवला तरी तुझ्या अंगात बसेल का? उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ही! आणखी लिहितात, “घर पूर्वेस सरकवल्यास दलदल लागते, पश्चिमेस कातळ फोडावा लागेल.” म्हणजे दलदलीची काळजी आहे, कातळाची काळजी आहे, माझ्या मुलीचीच तेवढी नाही.

हेच उदाहरण मी नववीला फळ्यावर घातलं. कुणाचं घर ते सांगितलं नाही. अर्ध्या वर्गानं पहिल्याच झटक्याला विचारलं, “पाणी किती होतं, बाई?” मी म्हटलं, दिलेलं नाही. तर मागच्या बाकावरनं आवाज, “मग हा समुद्र काय बादलीतला आहे?” सगळा वर्ग हसला. मीही हसले असते, पण मला तुझा राग आलेला होता.

मग तुझा मोबाइलवर निरोप. इतक्या वर्षांत पहिला! “ताई, खूण मागं वर सरकव. रेषेवरचे कुठलेही दोन बिंदू चालतात. तूच शिकवतेस ना?” वा! माझीच विद्या मलाच शिकवतोस? चालतात, कुठलेही दोन चालतात. पण त्रिकोणाच्या मागं काय आहे ते विसरलास? सरळ उभा कडा आहे, ओडवार. खूण तिथं उभी करायची म्हणजे कावळ्यांनाच कामाला लावायला हवं. आजोबांनी त्रिकोण टेकाडाच्या शेवटच्या पायरीवर ठेवला तो काही गंमत म्हणून नाही. आणि मी का सरकवू? ती खूण तिथं आधीपासून आहे. तू नंतर आलास.

शब्दांनी काही होत नाही असं दिसल्यावर मी उठले आणि तुझ्या प्लॉटवर खांब उभा केला. मोजून, आढ्याच्या उंचीचा. टोकाला आडवी काठी बांधून टूवाची जुनी नारिंगी चड्डी वाळत घातली, तीच ती जाड, मासेमारीची, छातीपर्यंत येणारी. दुकानात गुनवोरनं विचारलंच, “बाई, तुमच्या भावाच्या जमिनीवर कुणाला फाशी दिलंत?” मी म्हटलं, “अजून नाही, विचार चालू आहे.” ती म्हणाली, “घरचं भांडण चड्डीवर टांगू नका हो.” जिला तिला माझीच चूक दिसते!

काल उजाडता उजाडता, पाणी तळाला गेलेलं असताना, मी आणि टूवा बोटीनं म्हातारीपाशी गेलो. खालची खूण दिसली. वरच्या खुणेच्या जागी काय दिसलं म्हणशील? चड्डी. नुसती नारिंगी चड्डी, आणि तिच्या मागं त्रिकोणाचा कणसुद्धा नाही. चार तासांनी पाणी चढल्यावर पुन्हा गेलो, तर चड्डीच्या वर त्रिकोण स्वच्छ. माझं उत्तर बरोबर आलं, आणि मला त्याचा आनंद झाला नाही, एवढं लिहून ठेवते.

टूवा म्हणाली, “आई, एवढं का चिडतेस? बोटीत पडद्यावर नकाशा आहे की.” मी म्हटलं, “पडदा विजेवर चालतो. खूण कशावर चालते?” तिनं बोट धक्क्याकडं वळवली. मला वाटतं तिला तुझी बाजू घ्यायची होती. का, ते मला कळलं नाही.

तू स्वतः ये. ओहोटीला बोटीत बस आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तुझे डोळे अजून तुझेच असतील तर.

ओशिल


२० मार्च

ओडवार,

नगरपालिकेनं तुला परवानगी दिली. अभिनंदन. कागद माझ्यासमोर आहे. “सदर खुणा शासकीय सागरी नकाशावर नोंदलेल्या नसल्यामुळे त्यांचा विचार करता येत नाही.” म्हणजे ज्या खुणांवर आपला आजा आत आला, बाबा आले, तू आणि मी आलो, त्या नाहीतच. आपण सगळे कुठल्या चमत्कारानं घरी पोचलो कोण जाणे!

आता काल काय झालं ते ऐक. दुपारपासून हिमाचे सपकारे. टूवा सकाळी गेलेली, संध्याकाळी उजेड असेपर्यंत येते म्हणाली होती. पाणी तळाला. मी धक्क्यावर उभी. बाकीच्या दोन बोटी आधीच येऊन बांधलेल्या. सहा वाजून गेले तरी हिची नाही. फोन लावला, लागेना. धक्क्यावर लोक जमले होते, सगळे समुद्राकडं बघत. शेवटी हिमाचा पडदा जरा फाटला आणि बोट दिसली, कासवासारखी हळूहळू, पण नाक अगदी सरळ. म्हातारीला उजवीकडे टाकून आत आली. दोरी माझ्याकडं फेकली. म्हणाली, “आई, तारांत खारं पाणी शिरलं. पडदा दुपारीच काळा झाला. त्रिकोण दिसला म्हणून आले.”

त्रिकोण दिसला, कारण वारा वाढणार म्हणून परवाच मी तुझा तो खांब आडवा केला होता. खांब काढता येतो. घर वाऱ्याला काढून ठेवणार आहेस का?

मी तिला घरी नेलं, कॉड आणि त्याच्याच काळजाचा गरम रस्सा पुढं ठेवला. ती खाता खाता म्हणते, “मामाला सांगायला हवं.” मी विचारलं, कुठला मामा, कसं सांगणार? तर म्हणे, “दर रविवारी बोलतो की आम्ही. मी दहावीत होते तेव्हापासून.”

माझा हात पळीवरच राहिला. दर रविवारी! माझ्या घरात, माझ्या पाठीमागं, दर रविवारी! आणि मला एक ओळ नाही, एक नाताळचं कार्ड नाही. बाबांना पुरून आल्यावर सगळे कॉफीला बसले, तेव्हा तू जमीन विकू या म्हणालास, माती अजून ओली होती, ओडवार, आणि मी तुला सगळ्यांदेखत दार दाखवलं. दाखवलंच. आजही दाखवेन. पण म्हणून माणूस सतरा वर्षं दाराबाहेरच उभा राहतो का? दार वाजवायला तुझे हात मोडले होते? आणि पोरीशी बोलायला बरी जीभ होती!

टूवा म्हणाली, “मामा नेहमी विचारतो, आई कशी आहे.” मी विचारलं, “मग तू काय सांगतेस?” ती म्हणाली, “सांगते, चिडलेली आहे. तो म्हणतो, म्हणजे बरी आहे.”

हे मला अजिबात आवडलेलं नाही.

ओशिल


७ एप्रिल, ईस्टरनंतरचा मंगळवार

ओडवार,

न सांगता आलास, न सांगता गेलास. टूवाकडं उतरलास, तिच्याकडं जेवलास, आणि माझं घर तिथनं दोनशे पावलांवर असून सोमवारच्या फेरीबोटीनं कॉफीचा घोटही न घेता गेलास. वाफल करून ठेवले होते. तुझ्यासाठी नव्हते, ईस्टर होता म्हणून केले होते.

तरी बरं, शनिवारी संध्याकाळी ओहोटीला तू स्वतःच्या पायांनी धक्क्यावर येऊन उभा राहिलास. केस किती पांढरे झालेत तुझे! मला कुणी सांगितलं नव्हतं. मी “चल” म्हणाले, तू बोटीत बसलास, आणि त्यानंतर जे बोलणं झालं ते मी मुद्दाम लिहून ठेवतेय. नंतर टांगेनकडं जाऊन वेगळं सांगशील.

खांब मी पुन्हा उभा केला होता, चड्डीसकट. बाहेर गेल्यावर सुकाणू तुझ्या हातात दिलं. खालची खूण तू लगेच धरलीस. मग मान वर केलीस. मग थोडी आणखी वर.

“ताई, त्रिकोण कुठाय?”

“टांगेनला विचार. त्याला दिसतो.”

“चेष्टा नको. म्हातारी कुठं आली?”

“ही काय, तुझ्या उजव्या हाताला. हात घालून बघ.”

तू इंजिन बंद केलंस. पाठ पार ताठ झाली होती तुझी. पाण्यातून खाली म्हातारीचं काळं, शेवाळलेलं डोकं दिसत होतं, बोटीपासून दोन हातांवर. मी वल्ह्यानं बोट बाजूला ढकलली. तू मला ओरडलास, “हे आधी का नाही सांगितलंस?” आणि मी तुला ओरडले, “दोन पत्रं लिहिली, माणसा!” आपण दोघं म्हातारीच्या डोक्यावर उभे राहून भांडत होतो, आणि धक्क्यावरून अख्खं गाव ऐकत होतं. गुनवोरनं मला नंतर शब्द न् शब्द सांगितला.

मग तू मला विचारलंस, “एवढी उंची कशाला, हे विचारलंस का कधी?” मी म्हटलं, “शेजाऱ्यानं असं विचारायचं नसतं.” तेव्हा तू म्हणालास की वर माळा हवा आहे, माळ्यावर झोपायचं आहे, पडल्या पडल्या समुद्र दिसायला हवा, कारण ऑस्लोच्या घरात सकाळी उठून बघण्यासारखं काही उरलेलं नाही. बेनेडिक्ट संसार मोडून निघून गेली. दोन वर्षं झाली.

मी म्हटलं, “मला का नाही कळवलंस?” तू म्हणालास, “तू चिडली असतीस.” असतेच! तिच्यावर चिडले असते, तुझ्यावर चिडले असते, पहिल्या बोटीनं ऑस्लोला येऊन तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून चिडले असते. त्याला घाबरून तू दोन वर्षं एकटा जेवलास? मूर्ख कुठला!

हे मी बोटीत बोलायला हवं होतं. बोटीत मी फक्त “सुकाणू दे इकडं” म्हणाले.

पण एवढं लक्षात ठेव. तू एकटा आहेस म्हणून मला वाईट वाटतं, आणि तरीही आढा खाली यायलाच हवा. तुला सकाळी समुद्र दिसावा म्हणून टूवाला संध्याकाळी खूण दिसू नये, हे मी होऊ देणार नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकाच वेळी राहू शकतात. माझं डोकं तेवढं मोठं आहे.

ताई


२ जून

ओडवार,

नवीन नकाशा मिळाला. तीनदा बघितला. आधी मला वाटलं तू चेष्टा करतोयस.

घराचे दोन तुकडे! एकीकडे स्वयंपाकघर आणि बसायची जागा, दुसरीकडे झोपायची खोली आणि वर तुझा तो माळा, आणि मध्ये काहीच नाही. भिंत नाही, छप्पर नाही, मोकळी फट. “रेषा मधून जाऊ दे,” असं खाली तुझ्या अक्षरात. आणि त्याखाली, “ताई, फट नेमकी कुठं ठेवायची? समीकरण पाठव. टांगेन काढून देईल, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही.”

म्हणजे आता विश्वास नाही! फेब्रुवारीत होता! नोव्हेंबरच्या वादळात जेवून झोपायला जाताना त्या फटीतून जाशील आणि वारा तुझी टोपी थेट मुख्य भूमीवर नेऊन पोचवेल, तेव्हा मला फोन करून रडू नकोस. जेवायला इकडं, झोपायला तिकडं, असलं घर अख्ख्या किनाऱ्यावर कुणाचं नसेल. लोक हसतील. गुनवोर तर आत्ताच हसतेय.

समीकरण देते. नीट वाच, कारण हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही. परवा टूवा टेपचं एक टोक धरून होती, मी दुसरं, आणि आम्ही दिवसभर मोजलं. तुझ्या जमिनीच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड हा शून्य. क्ष म्हणजे तिथून पूर्वेकडं किती मीटर, य म्हणजे उत्तरेकडं किती. खालची खूण (१०, ३०). वरची खूण (८०, ३१०). चढ म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक. २८० भागिले ७०, चार. एवढी सोपी संख्या आली की मला संशय आला, म्हणून पुन्हा मोजलं. चारच आली. आता खालची खूण रेषेवर आहे, म्हणजे क्ष दहा घातला की य तीस यायला हवा. चार दाहे चाळीस, दहा जास्त झाले, ते वजा करायचे. य = ४ क्ष − १०. ताळा कर: ऐंशी चोक तीनशे वीस, वजा दहा तीनशे दहा. वरची खूण बसली.

तुझं घर दगडापासून ११० मीटर उत्तरेला. मग ४ क्ष = १२०, क्ष = ३०. दगडापासून तीस मीटर पूर्वेला, एकशेदहा उत्तरेला, तिथं खुंटी ठोक. ती फटीचा मध्य. आणि हो, तुझ्या सुताराला बजावून सांग की क्ष म्हणजे पूर्व. तुमच्या जमीनमोजणीच्या नकाशांवर उत्तरेचा आकडा आधी लिहायची खोड आहे. त्यानं उलटं वाचलं तर फट दलदलीत जाईल आणि घर पुन्हा माझ्या मुलीच्या डोळ्यांवर.

फटीची रुंदी तू दोन मीटर लिहिलीस. तीन कर. बोट डुलते, माणूसही डुलतो. आणि रेषा तिरपी जाते हे विसरू नकोस. भिंती तिच्या दिशेनंच लाव, काटकोनाचा हट्ट धरू नकोस. सुतार कुरकुरेल. कुरकुरू दे.

समीकरण बरोबर आहे. तरी खुंटी ठोकलीस की मी ओहोटीला जाऊन बघणारच.

ताई


२८ सप्टेंबर

ओडवार,

तुझ्याशी आत्ताच फोनवर बोलणं झालं, तरी लिहितेय, कारण फोनवर मी भलतंच बोलले.

पहिलं म्हणजे, घर बांधून झालं आणि किल्ली कुणाकडं ठेवलीस ते सांगितलं नाहीस. नवीन लाकूड बंद खोलीत कुबट होतं, एवढंही कळत नाही? मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरले. या वयात! शेगडी पेटवली आणि दिवसभर जळत ठेवली. तुझ्या माळ्यावरही जाऊन आले. समुद्र दिसतो. चांगला दिसतो. पण तिथली शिडी भयंकर आहे, ती बदल.

आज सकाळी पाणी वर्षातलं सगळ्यात खाली होतं. टूवा रात्रभर बाहेर होती. निघताना तिनं सांगून ठेवलं होतं, “येताना मी पडदा बंद करणार, नुसत्या खुणांवर येणार. बघू तुमचं समीकरण.” मी नको म्हणाले. ती तुझीच भाची, ऐकते कशाला?

मी कुठं उभं राहावं ते मला कळेना. धक्क्यावर उभं राहवेना. शेवटी जाऊन तुझ्या त्या फटीत उभी राहिले. वारा असा की उभं राहायला दोन्ही भिंतींना हात लावावेसे वाटत होते, आणि तीन मीटरवर हात पोचत नाहीत. मागं टेकाडावर त्रिकोण. समोर खाली पांढऱ्या दगडांचा ढीग. आणि त्याच्या बरोबर डोक्यावर, लांब, बोट. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बोटीचं नाक सरळ माझ्याकडं. एवढी वर्षं मी तिला धक्क्यावरून, बाजूनं येताना बघितलं, आणि बाजूनं बघताना म्हातारी किती जवळ आहे हे कधीच नीट कळत नाही, म्हणून जीव टांगलेला असतो. आज समोरून बघितलं. ती रेषेवर होती. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी रडले. वारा होता म्हणूनही असेल.

ती बोट बांधून धावत वर आली, ओलीच, माशांचा वास मारत, आणि फटीत उभी राहून तिनं तुला फोन लावला. “मामा, तुझ्या घरातून आले!” एवढं ओरडली आणि फोन माझ्या हातात कोंबला.

तू “ताई?” म्हणालास. मग मी वाऱ्यावरून सुरू केलं, की कसलं हे घर, इथं माणूस उडून जाईल, सुतारानं कडा नीट घासल्या नाहीत, शिडी कुणी केली तो मेला कोण, किल्ली का ठेवली नाहीस, आणि मी एका दमात बोलतच राहिले. आणि तू हसलास. मध्येच, मोठ्यानं, नाकातून, थेट बाबांसारखा.

मी फोन टूवाकडं दिला आणि स्वयंपाकघरात निघून आले. तिथंच बसून हे लिहितेय. ती अजून बाहेर फोनचा स्पीकर लावून तुझ्याशी बोलतेय, आणि तू अजून हसतोयस, ते मला भिंतीतूनही ऐकू येतंय. आणि मला इतका राग आलाय, ओडवार, इतका राग आलाय! हे हसणं माझ्या हक्काचं होतं आणि सतरा वर्षं मी ते ऐकलं नाही.

ताई